वीतभर शार्कचं नाव

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी खोल समुद्रातला वीतभर शार्क शोधून काढला. पोटाखाली उजेड पाडून मोठ्या माशांना जवळ बोलवायचं, त्यांचा लचका तोडायचा आणि अंधारात पसार व्हायचं, हा त्याचा धर्म. शोधनिबंधात बाईंनी त्याला आपल्या विभागप्रमुखांचं नाव दिलं.

“बाई, एवढा मान!” सर गहिवरले. मग बारा वर्षांच्या सवयीने त्यांनी लेखकांमधून बाईंचं नाव खोडलं, स्वतःचं एकट्याचं ठेवलं आणि निबंध छापायला धाडला. त्या सवयीवरच बाईंची भिस्त होती.



निबंध छापून आल्यावर सरांना पहिला फोन त्यांच्या जुन्या वैऱ्याचा आला: “अहो, आपण शोधलेल्या प्राण्याला आपलंच नाव द्यायचं नसतं, एवढंही कुणी शिकवलं नाही का हो तुम्हाला?”