ओलं पॉलिश

"वहिनी, कुत्र्याला दोन दिवस बांधून ठेवा, नाहीतर माझी मेहनत पुन्हा पाण्यात," दारापाशीची लाकडी जमीन तिसऱ्यांदा घासून देत पॉलिशवाला म्हणाला आणि निघून गेला.

कुत्रा मरून वर्ष झालं, हे तिने सांगितलंच नाही.

नवरा जिना चढू लागला, की कुत्रा आनंदाने दारापाशी नखं घासायचा. आता दोघंही या जगात नव्हते, तरी ओरखडे उमटायचे. नवा ओरखडा चटकन दिसावा म्हणूनच ती जमीन कोरी करून घ्यायची. दिसला, की वेड्या आशेने दार उघडायची. जिन्यात चिटपाखरूही नसायचं.

आज भर दुपारी ओल्या पॉलिशवर रेघा उमटल्या. ती धावली आणि थबकली. रेघा दारापासून मागे मागे सरकत तिच्या पायांआड येऊन थांबल्या.

बाहेरून कुलपात किल्ली फिरली.