कललेली खोली

तिसऱ्या चित्रासमोर तिची खात्री पटली. या भिंती तिच्या होत्या.

खोली तीच, खिडकी तीच, आणि डावीकडे झुकलेल्या त्याच दोन भिंती. फक्त खाली कोपऱ्यात सही सरांची. प्रदर्शनाचं दालन माणसांनी भरलं होतं. सर मधोमध उभे राहून कौतुक झेलत होते. सत्तरीत माणसाला इतकं नवं सुचतं म्हणजे कमालच, असं जो तो म्हणत होता. एखादी खुर्ची मिळते का ते तिने पाहिलं, पण तिथे बसायची सोयच नव्हती.

ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात सरांसारखी चित्रं काढायची. लोक तसं म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वीस वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली काढल्यावर हात दुसरा कुठून येणार? मग गेल्या वर्षी एकाएकी ही खोली सुचली. पाठोपाठ सहा चित्रं झाली. हे कुणासारखंही नाही, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पोरीसारखी धावत जाऊन तिने ती सगळ्यात आधी सरांना दाखवली.

सर बराच वेळ बघत राहिले. चहा निवला तरी बघत होते.

“भिंती कलल्यात,” शेवटी ते म्हणाले. “एवढी वर्षं शिकलीस आणि नजर अजून कच्चीच. ओळंबा लाव. सरळ कर.”

तिने खरोखरच दोऱ्याला वजन बांधून ओळंबा केला, तो कॅनव्हाससमोर सोडला, आणि पंधरा दिवस खपून सहाही चित्रांतल्या भिंती सरळ केल्या. जुना रंग खरवडला, वर नवा चढवला. आधी फोटो काढून ठेवावेत असं मनातही आलं नाही. स्वतःच्या चुकांचे फोटो कोण काढून ठेवतं? सरळ झालेली चित्रं पुन्हा सरांसारखी दिसायला लागली. तिने ती माळ्यावर टाकली.

आता तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. ती चित्रं पाहिलेला एकच माणूस होता, आणि तो समोर हार घालून उभा होता.

गर्दी जरा पांगली तशी ती पुढे झाली. “सर, या भिंती माझ्या आहेत.”

सर हसले. अगदी प्रेमाने हसले, आणि तेच तिला जास्त लागलं. “अगं, तुझ्या हातून ती चूक झाली होती. मी ती समजून उमजून केली. फरक असतो.” तिच्या पाठीवर थोपटून ते पुढच्या पाहुण्याकडे वळले. घेतल्या गं, रागावू नकोस, एवढं जरी म्हणाले असते तरी तिने ते गिळलं असतं.

ती दाराकडे निघाली, तर वाटेत गवंडीकाका उभे. सरांचं घर यांनीच बांधलेलं. तेव्हा ती सरांकडे शिकायला यायची, म्हणून ओळख होती. काकांना हल्ली कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते काहीही बोलले की चार माणसं वळून बघायची.

“काय गं पोरी, मला काही हे पटेना. भिंती का कलल्यात म्हणून सरांना विचारलं, तर म्हणाले काळाचा तोल ढळलाय. मी अशी भिंत बांधली असती तर यांनी मला दारात उभं केलं असतं का?” त्यांनी चित्राकडे बोट केलं. “पण छताचा दिवा बरोबर काढलाय बघ. भिंत कशीही कलू दे, वायर सरळच लोंबणार.”

“नाही,” तिच्या तोंडून निघून गेलं. “दिवाही कलायला हवा.”

बोलली आणि स्वतःच चपापली. तिच्या सहाही चित्रांत दिवा भिंतींबरोबर कललेला होता. हाताने आपणहून तसा काढला होता, तिने कधी विचारही केला नव्हता. सरांनी भिंती उचलल्या, आणि दिव्याची तेवढी खरी चूक समजून दुरुस्त केली. ती त्या सरळ वायरीकडे बघत राहिली आणि एकदम तिला ते अंथरूण आठवलं. नऊ वर्षांची होती. पाठीचं दुखणं. दोन वर्षं खिडकीजवळ, तीन उशांना टेकून, एका कुशीवर. हलायचं नाही. भिंती, खिडकी, दिवा, सगळं एकाच बाजूला झुकलेलं. औषध घेऊन आई दारातून यायची तीसुद्धा तिरकीच. तुला कसं दिसतं, असं सरांनी वीस वर्षांत तिला कधी विचारलं नव्हतं. तिने तरी स्वतःला कुठे विचारलं होतं?

“दिवा कसा कलेल?” काका म्हणाले. “काहीतरीच बोलतेस.”

“ही खोली बघणारं माणूस आजारी होतं, काका. दोन वर्षं एका कुशीवर पडून होतं. त्याला सगळंच असं दिसायचं.”

काकांनी मान तिरकी करून चित्र पुन्हा पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

“अरेरे. सर एवढे आजारी होते? आणि आम्हाला पत्ताच नाही.”

दालनातली माणसं वळून बघायला लागली. सरही वळले.

“सर नव्हते,” काकांना नीट ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली. “मी होते.”