आठ बोल्ट

"पिस्टन फोर्ज्डच टाका, कुशाबा. बेअरिंग नवीन, ऑइल पंप नवीन. दादाच्या इंजिनात काही कमी नको," शंतनु म्हणाला.

रे रोडच्या गॅरेजात कुशाबा मिस्त्री यादीवर खुणा करत होते. शंतनुच्या थोरल्या भावाचं, रघुवीरचं इंजिन टेबलावर सुटं करून मांडलेलं होतं. पुढच्या महिन्याच्या शर्यतीत तो ते मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर नेणार होता.

"कनेक्टिंग रॉडचे आठ बोल्ट?"

"ते जुनेच राहू देत."

कुशाबांची पेन्सिल थांबली. "साहेब, हे एकदा आवळले की ताणतात. परत वापरायचे नसतात. एक जरी तुटला तरी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग गाडी कुठे नि माणूस कुठे!"

"म्हणून तर घरी नेऊन मोजले. एकही ताणलेला नाही."

शंतनुने कागद पुढे केला. आठ बोल्ट, आठ लांब्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्या माणसाला एवढं ठाऊक होतं की खऱ्या मोजमापात प्रत्येक आकडा थोडा वेगळा येतो. म्हणून त्याने खोटे आकडेही थोडेथोडे वेगळे लिहिले होते.

फणसवाडीत वडिलांच्या जागेवर नवी इमारत उभी राहत होती. घराच्या कागदांवर दोघा भावांची नावं होती. "आपल्यात कसली वाटणी रे?" रघुवीर हसून म्हणायचा. ते हसू शंतनुला सोसेनासं झालं होतं.

कुशाबांनी मान खाजवली. "पण बदललेले जुने पार्ट पिशवीत बांधून द्यायची आपली पद्धत आहे. गिऱ्हाईक गाठ सोडून बघतं. त्यात बोल्ट नाही दिसले, तर दादा मलाच झापतील."

"दादा कसली गाठ सोडतोय! गेल्या महिन्यात माझं इंजिन केलंत, तेव्हा मी बंगळूरला होतो. सगळं त्यानेच बघितलं, पिशवीही त्यानेच घरी आणली. माझ्या माळ्यावर तशीच पडलीये. भावाभावांत कोण तपासतं?"

फोन वाजला. बायकोचा, नूपुरचा मेसेज होता. ती शंतनुची गाडी घेऊन सकाळी पुण्याला माहेरी निघाली होती. 'एक्सप्रेसवेला लागले. काय पळतेय रे गाडी! दादांना थँक्स सांग.'

"वैनी चालवतायत?" कुशाबा हसले. "मग गाडी नाही, विमानच."

शंतनुही हसला. 'हळू चालव,' त्याने टाइप केलं. मेसेजवर एकच टिक आली.

कुशाबांनी फाइल उघडली. "तुम्ही भाऊ शिकलेले, म्हणून मोजून सांगता. आम्ही आपले नवे टाकून मोकळे." शंतनुचा कागद त्यांनी दुसऱ्या एका कागदावर ठेवला आणि दोन्हींना मिळून टाचणी लावू लागले.

"थांबा. तो खालचा कसला?"

कुशाबांनी तो काढून दिला. अक्षर रघुवीरचं होतं. आठ बोल्ट, आठ लांब्या. आठही आकडे हुबेहूब एकसारखे.

"हा कुठल्या गाडीचा?"

"तुमच्याच की, साहेब. तुमच्या पिशवीत तरी बोल्ट कुठे होते?"