चारचं स्टेशन

"आजी, चारला माझं स्टेशन येईल. उठवाल ना मला?"

वरच्या बर्थवर चढता चढता त्याने विचारलं. तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि मोबाईलची बॅटरी मान टाकत होती, तेव्हा गजराचा भरवसा नव्हता. म्हातारी म्हणाली, "निश्चिंत झोप, बाबा. मी काही दुपारची झोपत नाही."

नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं. खालचा बर्थ मुळात त्याचा. तिला वरचा आला होता; तिचे गुडघे पाहून त्याने आपणहून बदलून दिला, शिवाय स्वतःच्या टॉवेलने पुसूनही दिला. मागच्या स्टेशनवर उतरून तिची पाण्याची बाटली भरून आणली, सोबतच्या सुनेची जड बॅग बर्थखाली सरकवली. माणूस लाघवी होता, खोटं कशाला बोला. असा सोबती मिळायला नशीब लागतं, असं सासू सुनेला म्हणालीसुद्धा.

मग त्याचा फोन वाजला.

वर आडवा होऊन तो बोलत होता, आवाज जराही न चढवता. चढवला असता तर बरं झालं असतं. रागात बोललेलं निम्मं माणूस स्वतःच विसरतो.

"हो, चारला पोचतो. तू प्लॅटफॉर्मवरच थांब... नाही, मी येईपर्यंत तिच्या खोलीकडे फिरकायचं नाही कुणी. मुलगी माझी आहे, करायचं ते मी करीन... सहाच्या गाडीने निघतायत ना ती आणि तो पोरगा? मग झालं. वेळ पुष्कळ आहे... घरी? घरी कशाला आणायची? आमच्यापुरती ती मेलीच आहे. आता ते खरं करायचं तेवढं राहिलंय."

बोलणं संपवून त्याने फोन खाली धरला. "ताई, जरा चार्जिंगला लावता?"

सुनेने फोन घेतला. खिडकीखालच्या प्लगमध्ये पिन घातली. थोड्याच वेळात वरून घोरणं ऐकू यायला लागलं.

"रागाच्या भरात बोलतो माणूस," सून कुजबुजली.

"रागात होता का तो?"

सुनेने डब्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "टीसीला सांगू या का?"

"काय सांगशील? हा म्हणेल, बाप लेकीला भेटायला चाललाय. टीसी म्हणेल, जा."

"मग आपल्याला काय करायचंय, आई? त्यांच्या घरचा मामला. उठवायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय खरा," म्हातारी म्हणाली. दिलेला शब्द तिने आजवर फिरवला नव्हता, त्याचा तिला थोडा गर्वही होता. पण ज्याच्या जागेवर पाय लांब करून बसलो, त्यालाच फसवायचं म्हणजे तिला कसंसंच होत होतं. आणि न फसवावं, तर कुणाची तरी पोर आज संध्याकाळ बघणार नव्हती. तिने देवाचं नाव घेतलं. तरीही काही सुचेना.

चारला गाडी थांबली.

"आई, त्यांचं स्टेशन."

"दिसतंय मला."

चहावाला ओरडत डब्यात शिरला आणि नेमका त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. सुनेने सासूकडे पाहिलं, वर पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवून तिनेच त्याला पुढे जायची खूण केली.

तेवढ्यात प्लगपाशी फोन थरथरायला लागला. स्क्रीनवर 'मेहुणा' असं नाव आलं होतं. म्हातारीने अंगावरची शाल काढून फोनवर टाकली आणि वरून हात दाबून धरला. फोन थांबला, पुन्हा थरथरला. बाहेर एक माणूस फोन कानाला लावून प्रत्येक खिडकीत डोकावत येत होता. सुनेने शटर आवाज न करता खाली घेतलं.

गाडी हलली, आणि त्या धक्क्यानेच तो जागा झाला.

"कुठलं स्टेशन हे?"

तो बर्थवरून उतरला, तसाच अनवाणी दाराकडे धावला आणि परत आला. प्लॅटफॉर्म मागे पडला होता.

"आजी, तुम्ही उठवणार होतात."

"होते."

"मग? डोळा लागला का?"

"नाही. जागी होते. मुद्दाम नाही उठवलं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने हात वर करून गाडी थांबवायची साखळी धरली. गाडीने अजून वेग घेतला नव्हता. आत्ता ओढली असती, तर चालत मागे जाऊन सहाच्या आत त्याला दोघांना गाठता आलं असतं. सून सासूच्या पुढे येऊन उभी राहिली. म्हातारीने तिला हाताने बाजूला केलं.

"ओढ," ती म्हणाली. "मी म्हातारी तुला काय अडवणार? एवढंच सांग, लहानपणी गाडीत त्रास द्यायची का रे तुझी लेक?"

रूळ बदलताना डबा डावी-उजवीकडे हलला, त्याच्याबरोबर तोही हलला. साखळी मुठीत तशीच होती. तो म्हातारीकडे बघत नव्हता, आपण आत्ताच उतरलेल्या बर्थकडे बघत होता.

"तिला वरचाच बर्थ लागायचा," तो म्हणाला. "झोपेत पडेल म्हणून रात्रभर मी खाली असाच उभा राहायचो. हात वर करून."