पहिला अर्ज

"आज हे मशीन बंद केलं, की आतली माणसं कुठं जातात हो, सर?" सुमनबाईंनी विचारलं.

"माणसं नव्या मशीनमध्ये जातात. फक्त त्यांच्यातल्या जोडण्या जात नाहीत," यशवंत सर म्हणाले.

हुबळीच्या कमरीपेठेत शिंप्याच्या दुकानावर वधू-वर मंडळाची ही खोली. सत्तावीस वर्षांपूर्वी सरांनी मंडळाला प्रोग्रॅम लिहून दिला, तेव्हा ते धारवाडच्या कॉलेजात नवे नवे शिकवत होते आणि डोक्यात ऑब्जेक्ट डेटाबेसचं वारं शिरलं होतं. बाकीचे लोक माणसाचे तुकडे करून निरनिराळ्या तक्त्यांत कोंबायचे. नाव इथं, पत्रिका तिथं. सरांच्या प्रोग्रॅममध्ये माणूस अख्खाच्या अख्खा डिस्कवर उतरायचा, फोटो, पत्रिका, अपेक्षा आणि कुणाशी जुळलंय त्या जोडणीसकट. वीज गेली तरी दुसऱ्या दिवशी होता तसा हजर. एकाला पकडून ओढलं, की जोडलेला दुसरा आपोआप पुढं यायचा.

नव्या कार्यकारिणीला मात्र तयार, तक्त्यांचाच प्रोग्रॅम हवा होता. म्हणून सर सकाळीच धारवाडच्या सप्तापूरहून चिगरी बस पकडून आले होते.

प्रोग्रॅम चालतो का हे बघायला पहिला अर्ज त्यांनी स्वतःचाच भरला होता. निव्वळ चाचणी, असं त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे फोटोसाठी स्वारी खास स्टुडिओत जाऊन आली होती, आणि तो अर्ज त्यांनी नंतर पुसलाही नाही. मग वाट पाहिली. वर्ष, दोन वर्षं, पाच. एकही निरोप आला नाही. बरी नोकरी, निर्व्यसनी माणूस, आणि कुणी ढुंकूनही पाहू नये? सरांना ते फार लागलं. आता साठी आली. जेवणाचा डबा बाहेरून येतो आणि घरात बोलायला कुणी नाही.

दर महिन्याला ते मशीन तपासायला यायचे, पण आपला अर्ज त्यांनी एकदाही उघडला नाही. विचारणा किती आल्या ते तिथं लिहिलेलं असायचं. शून्य बघायची त्यांची छाती नव्हती.

अर्ज भरून घेणं, विचारणांना उत्तरं देणं, सगळं पहिल्यापासून सुमनबाईंकडे. शेकडो लग्नं जुळवली आणि स्वतः तशाच राहिल्या. सरांना त्याचं वाईट वाटायचं. का, ते विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

"जोडण्या कागदावर उतरवून ठेवू का?" सरांनी विचारलं.

"इरली बिडी, राहू द्या, सर. ज्यांचं जुळलं त्यांची लग्नं झाली. ज्यांचं नाही त्यांचं..." बाईंनी वाक्य तसंच सोडलं. "तुम्हांला काय, सगळं दिसतंच की. प्रोग्रॅम तुमचाच."

"दिसतं ना," सर उगाच म्हणाले.

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग चहा करायला आत गेल्या.

सर एकटेच उरले. एक बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. त्यानंतर बघायचं म्हटलं तरी बघता येणार नव्हतं. त्यांनी मन घट्ट केलं आणि पहिला अर्ज उघडला.

विचारणा : एकतीस.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकतीस. हुबळीच्या, बेळगावच्या, एक तर थेट सांगलीहून. प्रत्येक विचारणेपुढं एकच उत्तर होतं : 'स्थळ ठरलेलं आहे.'

सरांना संताप आला. एकतीस घरांनी विचारलं, आणि आपण इतकी वर्षं एकट्यानं ताट वाढून घेत बसलो! ठरलं होतं कुणाशी? खाली जोडणी होती, ऑगस्ट नव्याण्णवची. सरांनी ती दाबली.

जोडलेला अर्ज आपोआप पुढं आला. फोटोत अबोलीचा गजरा माळलेली, तिशीची सुमन होती. अपेक्षांच्या रकान्यात एवढंच : 'होकार त्यांनी द्यायचा आहे.'

मागं कपबशी वाजली. बाई दारात उभ्या होत्या, नजर पडद्यावर.

"अय्यो, सर," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही आज पहिल्यांदा उघडलंत?"