पूजा बंद असल्याबाबत
पुरातत्त्व कार्यालयाच्या पत्राला मी उन्हाळाभर उत्तर दिलं नव्हतं. आमच्या गावातलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ संरक्षित स्मारक करायला ते तयार होते. फक्त तिथे आता पूजा होत नाही, असं गावातल्या जाणत्या माणसानं लिहून द्यायचं होतं. जाणता म्हणून त्यांना माझं नाव कुणी सुचवलं, देव जाणे. पूजा तर होत होती. नवरा गेल्यापासून वच्छलाबाई रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायच्या. त्यांचं घराबाहेर जाणं तेवढंच. इकडे देऊळ समितीनं जुनं पाडून टाइल्सचं नवं मंदिर बांधायचं ठरवलं आणि काल सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या. आज मी देवळाच्या पायरीवर कोरा कागद घेऊन बसलो होतो. “काऊन जी गुर्जी, अजून इचारच करून राह्यले?” दिवा लावायला आलेल्या वच्छलाबाईंनी विचारलं. “खोटं कसं लिहू? तुम्ही दिवा लावता ना.” आत जाऊन त्यांनी पणती पदरात गुंडाळली, कोनाड्यातला तेलाचा डाग राखेनं घासून काढला आणि बाहेर आल्या. “आता नाई लावत. लिवा.” “मग संध्याकाळी तुम्ही कुठे जाल?” “माह्यं सोडा जी. महादेवाले घर राहू द्या.” मी लिहिलं, अक्षर वाकडंतिकडं आलं. त्या पोस्टाच्या पेटीपर्यंत माझ्यासोबत आल्या. तिथे माझा हात पुन्हा अडखळला, तेव्हा त्यांनी पाकीट माझ्याकडून घेतलं आणि स्वतःच आत टाकलं.