रणधीररावांची कुस्ती

जत्रेच्या आखाड्यात रणधीररावांनी हातातलं यंत्र समोर रोखलं आणि सलामीला हात पुढे केलेला सुबराव पैलवान जागीच ताठ झाला. गावात प्रत्येकाच्या मानेत चिप होती. यंत्रावरच्या एका बटणानं अंग थांबायचं, दुसऱ्यानं श्वास.

काडीसारख्या अंगाचे रणधीरराव पैलवानाला ढकलत राहिले, पायात पाय घालून ओढत राहिले. सुबराव खांबासारखा उभाच. पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती निकाली होत नव्हती.

"मालक, जरा सोडा की त्याला," पंच कुजबुजला. "असा ताठ माणूस पडायचा कसा?"

"आणि त्यानं मलाच धरलं तर?"

पंचानं कडेला बसलेल्या सुबरावच्या लेकीकडे, कस्तुराकडे, नुसतं पाहिलं. रणधीररावांनी यंत्र तिच्यावर रोखून श्वासाचं बटण दाबलं आणि मग पैलवानाला मोकळं केलं.

सुबरावनं लेकीचा उघडा राहिलेला जबडा पाहिला आणि तो आपणहून मातीत उताणा पडला. हलगी कडाडली. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन फिरवायची रीत होती. कोणी पुढे येईना, तेव्हा सुबरावनंच त्यांना उचललं.

"मालक, पोरीला सोडा."

"आधी फेरी होऊ दे," रणधीरराव वरून म्हणाले. "आणि सावकाश चाल, मी पडेन."